पानकोबी, झिंग्यांशिवाय

५ जानेवारी १९६४, रविवार. सकाळी ६.१०

प्रयागहून परवा परतलो. आईच्या अस्थी गंगेत गेल्या. आई भाद्रपदात गेली; पण धान कापून होईपर्यंत तेजरामला शेतातून हलता येईना. तेजराम माझा धाकटा भाऊ, हट्ट्याला असतो. चार महिने अस्थी त्याच्या दारच्या जांभळीला टांगून होत्या.

गंगेत उभं करून पंड्यानं विचारलं, काय सोडता? रीत आहे. गेलेल्याच्या नावानं एक खाण्याची वस्तू जन्मभर सोडायची. तेजराम म्हणाला, कारलं. त्यानं जन्मात कारलं खाल्लेलं नाही. मला लाज वाटली. मी मोठ्यानं म्हणालो, मांस, मासळी, अंडी. सुके झिंगेसुद्धा. शेजारच्या पायऱ्यांवरची माणसं वळून पाहू लागली.

तेजराम म्हणाला, "झिंगे काहून, भाऊ? मंग पानकोबीचं कसं करशीन?"

मी डुबकी मारली. पाणी फार थंड होतं.

सकाळी ६.४०

पानकोबी म्हणजे आईची पानकोबी. बारीक चिरून सुक्या झिंग्यांबरोबर, म्हणजे वाळवलेल्या बारीक कोळंबीबरोबर, परतलेली, भाताशेजारी मूठभर. झिंगे ती भाजून, कुटून टाकी, त्यामुळे ते दिसत नसत. चवीला असत. बाबा तिच्यावर जेवत. आई गेल्यापासून तर फक्त तिच्यावरच जेवतात. बाकी काही वाढलं तर पानात बोट फिरवतात. दुर्गा, माझी पत्नी, हुबेहूब आईसारखी करते.

निश्चय: आजपासून या घरात झिंगे बंद. सर्वांना. एक घर, एक कढई.

दुर्गाला सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. खांदे हलले. मग म्हणाली, "बरं."

संसाराला चोवीस वर्षं झाली. पत्नी वाद घालत नाही, ही समाधानाची गोष्ट आहे.

८ जानेवारी, बुधवार

उकव्याहून जावयाचं पत्र. लेकीचे, पुष्पलताचे, पाय सुजले आहेत. दिवस भरत आलेत, मोटारीचा प्रवास नको म्हणाले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण इलाज नाही. दुर्गा तिकडे जाणार. महिना, सव्वा महिना.

घर मी सांभाळीन म्हणालो. भरवेलीच्या खाणीत अठरा वर्षं टाइमकीपर आहे. सातशे माणसांच्या हजेऱ्या सांभाळतो. दोन माणसांचं घर म्हणजे काय?

दुर्गा म्हणाली, "तुमाले चूल पेटवता येते का?"

प्रश्न विषयाला धरून नव्हता.

९ जानेवारी. सकाळी ७.४०, मोटारस्टँड

दुर्गाला बसवून दिलं. खिडकीतून ती म्हणाली, "आयका. फळीवरच्या मडक्यात..." मी म्हणालो, सगळं पाहून घेईन. ती म्हणाली, "अवं, आत्याबाईनं त्या मडक्यात..." आईला ती आत्याबाई म्हणे, बाबांना मामाजी म्हणते. तेवढ्यात मोटार सुटली. ७.३५. वेळेपेक्षा पाच मिनिटं उशिरा.

निघताना बायका सूचना देतात. तो त्यांचा निरोप घेण्याचा प्रकार आहे.

९ जानेवारी. संध्याकाळी ७.००

चूल ५० मिनिटांत पेटली. लाकडं ओली असावीत. भात झाला. वरण झालं. बाबांनी पानात बोट फिरवलं. म्हणाले, "पानकोबी कर."

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून दिवसाला दहाएक शब्द बोलतात. त्यातले दोन मला मिळाले.

मी त्यांना समजावलं की मी गंगेत उभा राहून झिंगे सोडले आहेत. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "तू सोडले."

हौ म्हणालो. मी सोडले.

ते हसल्यासारखे वाटले. ठसका असेल.

१० जानेवारी

सायकलवर सुचलं. झिंगे न घालता तीच चव आणायची. झिंगा म्हणजे तरी काय? खारटपणा, कुरकुरीतपणा, वास. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या मिळवून एकत्र केल्या की झालं. आजवर कोणी केलं नाही, कारण कोणी पद्धतशीर विचार केला नाही.

प्रोग्राम:
प्रयोग १ ते ३, आठवड्यात.
रिझल्ट, १९ तारखेपर्यंत.
नंतर कृती नीट लिहून काढणे. बऱ्याच व्रतस्थ लोकांना उपयोग होईल.

१२ जानेवारी, रविवार

प्रयोग १. कुरकुरीतपणा. झिंग्यांच्या जागी भाजलेले शेंगदाणे. मला पसंत पडले. बाबांनी एक दाणा तोंडात धरला आणि एक वाजून दहा मिनिटांपासून पावणेदोनपर्यंत तो इकडून तिकडे फिरवला. मग काढून पानाच्या कडेला ठेवला.

बाबांना चारच दात आहेत. चारही एका बाजूला. हे मला माहीत होतं. ऐन वेळी लक्षात आलं नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

शेजारच्या तुळसाबाई तिळगूळ घेऊन आल्या. त्या आईच्या मैत्रीण. म्हणाल्या, "बुढ्याचा करदोटा पाह्यला का? खाली येऊन राह्यला. जेवू घालतोस का नाही त्याले?"

पाहिलं. बाबांच्या कमरेचा करदोटा खरंच सैल झाला आहे. सूत हलकं आलंय हल्ली. नवा आणला पाहिजे.

१६ जानेवारी

प्रयोग २. मुरमुरे. कढईत टाकले तेव्हा थेट झिंग्यांसारखे दिसत होते. मी बाबांना मुद्दाम स्वयंपाकघरात बोलावून दाखवले. ते येईपर्यंत मुरमुरे पाणी पिऊन बसले होते.

बाबा म्हणाले, "हे काय होय?"

पानकोबी म्हणालो. ते परत जाऊन खाटेवर बसले.

त्रुटी कळली. बाबा लवकर चालत नाहीत.

१९ जानेवारी, रविवार. दुपारी ३.००

प्रयोग ३. वास. पानकोबीच्या मधोमध वाटी, वाटीत पेटता निखारा, त्यावर तेल, वरून झाकण. तत्त्व बरोबर होतं. तेल जास्त झालं. धूर स्वयंपाकघरातून छपरीत, छपरीतून आळीत गेला. तुळसाबाई बादली घेऊन धावत आल्या आणि मला काही सांगू न देता कढईत ओतली.

"काय जाळून राह्यला रे, भोजराज?"

मी सांगितलं की प्रयोग आहे. आईच्या पानकोबीची झिंग्यांशिवायची आवृत्ती काढतो आहे.

तुळसाबाई बादली हातात घेऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "झिंग्याबिगरची?" मग बाबांकडे पाहिलं. बाबा पेरूच्या झाडाखाली जाऊन बसले होते. त्या त्यांच्याकडे बघतच म्हणाल्या, "दुर्गाले काहून नाही इचारत?"

मी म्हणालो, ज्यांना झिंग्यांची सवय आहे त्यांना विचारून उपयोग नाही. शोध नव्या नजरेनं लागतो.

त्या म्हणाल्या, "हौ बाबू. तुयी नजर लई नवी हाय."

जाताना बाबांना एक भाकर आणि वांग्याची भाजी देऊन गेल्या. बाबांनी अर्धी भाकर खाल्ली. प्रयोगाच्या काळात बाहेरचं अन्न नको, हे त्यांना सौम्य शब्दांत सांगितलं.

२१ जानेवारी

रिझल्टची तारीख उलटली. तारीख फार जवळची ठरवली होती. नवी तारीख ३१.

ऑफिसात स्टोअरचे टिकाराम बाबू म्हणाले, "सुना है, आपने पानकोबी में आग लगा दी." आळीतल्या गोष्टी सहा मैलांवर कशा पोहोचतात कळत नाही.

२३ जानेवारी

विचार केला. प्रयोग फसतात याचं कारण प्रयोगात नाही. स्वयंपाकघरात आहे. भिंती, फळ्या, डबे, सगळीकडे जुने वास बसलेत. अशा जागी शुद्ध चव उतरणार कशी?

निश्चय: रविवारी संपूर्ण साफसफाई. चुना आणला.

२६ जानेवारी, रविवार. दुपारी १.३०

साफसफाई झाली. २ तास ४० मिनिटं. सगळे डबे धुतले. सुताराच्या दुकानात पडतात तसले पिवळट लाकडी काप एका मडक्यात निघाले, वरच्या फळीवर, मागे. उग्र, आंबूस वास. कुजलेल्या मासळीसारखा. मडक्याचं तोंड फडक्यानं बांधलेलं होतं, त्यामुळे हवा न लागून काहीतरी खराब झालं असावं. सगळं उकिरड्यावर टाकलं आणि वरून चुन्याचं उरलेलं पाणी ओतलं. मडकं फोडलं.

मडकं फुटल्याचा आवाज ऐकून बाबा बाहेर आले. काठी न घेता आले, ही प्रगती आहे. उकिरड्यापर्यंत गेले. वाकून पाहिलं. बराच वेळ तसेच वाकले होते. मी विचारलं, काही पडलं का? ते म्हणाले, "नाही."

मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

संध्याकाळी ७.००

बाबा जेवले नाहीत. चुन्याचा वास सोसत नसेल.

२८ जानेवारी

आजही दूध फक्त. अर्धा पेला. वैद्यांना विचारलं. ते म्हणाले, रोग काही नाही, मन लागत नाही. आवडीचं खाऊ घाला. मी म्हणालो, त्यावरच काम चालू आहे.

२९ जानेवारी

दुर्गाचं कार्ड. जावयाच्या हातचं. पुष्पलताला मुलगी झाली, २४ तारखेला पहाटे. दोघी बऱ्या आहेत. खाली: "फळीवरचं मडकं सांभाळून ठेवावं. त्यात आत्याबाईचं आहे. मामाजींसाठी पानकोबी करायची तर त्यातलं मूठभर भाजून घ्यावं."

दोनदा वाचलं.

मडक्यात आईचं काहीतरी होतं, असा अर्थ दिसतो. मी टाकलं त्या मडक्यात लाकडाचे काप होते. म्हणजे ते मडकं हे नव्हे. दुसरं असणार. सगळ्या फळ्या पाहिल्या. खाटेखाली पाहिलं. पाटावर उभा राहून आढ्याला पाहिलं. नाही.

दुर्गा आल्यावर सापडेल. तिला आत्ताच कळवून काळजीत घालत नाही.

संध्याकाळी ५.४५

उकिरड्यावर जाऊन पाहिलं. चुना घट्ट बसला आहे.

३१ जानेवारी

मूठभर भाजून घ्यावं, म्हणजे झिंगेच. दुर्गानं घरात झिंगे लपवले होते, हे उघड आहे. ते मडकं माझ्या हाती लागलं नाही ही गंगेचीच कृपा. माझं व्रत घरातल्या घरात मोडलं असतं.

तरी बाबांना दाखवलं नाही ते कार्ड. का ते सांगता येत नाही.

३ फेब्रुवारी. बाजार

आयुष्यात प्रथमच बाजार केला. सुक्या मासळीच्या रांगेत गेलो. घ्यायला नव्हे. अभ्यासाला. वास नीट ओळखल्याशिवाय त्याची नक्कल कशी करणार? पाटीपासून दोन हात अंतर ठेवून उभा राहिलो. पंचवीस मिनिटं.

पाटीवाली जिजाबाई म्हणाली, "पाहून पाहून माये झिंगे उडून जातीन ना, साहेब. घ्या ना पसाभर."

मी व्रताचं सांगितलं. आईचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "अरे, त्या बाईचे पोरगे का तुमी? तीस वर्सं झाले इथं बसून राह्यली. तुमची माय गावात आली तवापासून रोज बोलून जाये, रामराम करे. झिंगे एक डाव बी नाही नेले."

यावरून एक गोष्ट निश्चित झाली. आई झिंगे दुसरीकडून आणी. अधिक चांगल्या ठिकाणाहून. चवीतला फरक त्यामुळेच. ती दुसरी पाटीवाली शोधली पाहिजे.

रांग संपेपर्यंत सर्वांना विचारलं. चौघींनी आईला ओळखलं. चौघींनी तेच सांगितलं. धंद्यातली माणसं एकमेकांचं नाव घेत नाहीत.

४ फेब्रुवारी

टिकाराम बाबू म्हणाले, "कल मछली बाजार में बहुत देर दिखे." मी अभ्यास म्हणालो. ते म्हणाले, "हाँ हाँ, अभ्यास तो करना ही पड़ता है."

ऑफिस हसलं. मी रजिस्टर उघडलं.

६ फेब्रुवारी

प्रयोग ७. मीठ. झिंगे खारट असतात, म्हणून नेहमीच्या तिप्पट. बाबांनी एक घास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं. मी विचारलं, आईची आठवण आली का? ते म्हणाले, "पाणी दे."

प्रयोग ४, ५, ६ लिहिण्यासारखे नव्हते.

९ फेब्रुवारी, रविवार

नवा करदोटा आणला होता. तोही खाली येतो. दोन गाठी मारल्या.

बाबांना आंघोळ घालताना पाठ मोजता आली. मणके. मी मोजले नाहीत. मोजता आले असते.

१० फेब्रुवारी

बाबा आज बोलले. "तेजरामले चिठ्ठी टाक. म्हना घ्यायले ये."

मी विचारलं, इथं काय कमी आहे? ते म्हणाले, "काही नाही."

आई-बाबा नऊ वर्षांपूर्वी हट्टा सोडून माझ्याकडे आले. थोरल्याकडे राहायचं म्हणाले. आळीत, ऑफिसात, सर्वांना माहीत आहे की बाबा माझ्याकडे असतात. तेजरामकडे शेत आहे, माझ्याकडे बाबा.

चिठ्ठी टाकणार नाही. आठ दिवस मागितले. आठ दिवसांत पानकोबी होईल. मला आता दिशा सापडली आहे.

१३ फेब्रुवारी

दिशा कांदे जाळण्याची होती. चुकीची निघाली.

१५ फेब्रुवारी

तेजराम न बोलावता आला. तुळसाबाईंनी हट्ट्याला जाणाऱ्या कुणाजवळ निरोप धाडला म्हणे. त्यानं बाबांचा दंड हातात धरला. त्याची बोटं एकमेकांना लागली.  

मी त्याला प्रयोगांची वही दाखवली. त्यानं पान उलटलं. म्हणाला, "भाऊ, मी कारलं सोडलं. कोनाले तरास झाला का?"

मी म्हणालो, त्याग म्हणजे गंमत नव्हे.

तो म्हणाला, "नाही तं काय. तू सोडतं, उपाशी बुढा मरते."

बाबांनी आपलं गाठोडं स्वतः बांधून ठेवलं होतं. कधी बांधलं कळलं नाही. त्यात आईचं एक जुनं लुगडं होतं, दोन धोतरं होती. नवा करदोटा त्यांनी इथंच ठेवला.

मोटार ४.१०. वेळेवर सुटली.

१६ फेब्रुवारी, रविवार

घर शांत आहे. प्रयोगाला अशी शांतता लागते.

केला नाही.

१७ फेब्रुवारी

ऑफिसात सांगितलं की बाबा हवापालटाला गेलेत. टिकाराम बाबू काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

१९ फेब्रुवारी

दूध आणि पोहे. चूल पेटवली नाही.

तेजरामकडे बाबा जेवतात का? तिथंही पानकोबी नाही. अनुसयाला, तेजरामच्या बायकोला, ती जमत नाही असं बाबा म्हणतात. आई असतानाही जमत नव्हती. ती बाजारातले झिंगे भरपूर घालते, तरी नाही. हे मी पूर्वी अनेकदा गमतीनं सांगितलं आहे. आज त्याचा विचार करत होतो.

विचार पुरा केला नाही.

२४ फेब्रुवारी

हट्ट्याहून निरोप. बाबा तिथंही जेवत नाहीत. पेज घेतात.

२६ फेब्रुवारी. सकाळी ११.२०

दुर्गा आली. खाटेकडे पाहिलं. "मामाजी कुठं हायेत?" मी सांगितलं. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. वरच्या फळीवर हात फिरवला. हाताला चुना लागला.

"मडकं?"

मी म्हणालो, एक मडकं होतं. त्यात लाकडाचे काप होते. खराब झालेले.

दुर्गा खाली बसली. ती रडेल असं वाटलं. रडली नाही. म्हणाली, "वास्ते होते ते. बांबूचे कोंब. आत्याबाईच्या हातचे. मरायच्या महिन्याआधी सुकवलेले."

दुपारी १.००

दुर्गानं सांगितलं ते सलग लिहून ठेवतो.

मी सात वर्षांचा असताना मला मोठा ताप आला होता. एकवीस दिवस. आईनं वैनगंगेला सांगितलं, पोरगं जगू दे, मासळी सोडीन. मी जगलो. आईनं सोडली. कोणाला बोलली नाही. बाबांना झिंग्यांशिवाय पानकोबी जात नसे आणि एका घरात दोन कढया कोण करणार? म्हणून तिनं वास्ते शोधले. पावसाळ्यात जंगलातून कोवळे कोंब आणायचे, पातळ काप करून पाण्यात आंबवायचे, उन्हात खडखडीत वाळवायचे. भाजून, कुटून टाकले की वास झिंग्यांसारखाच येतो. बाबांनी विचारलं की म्हणे, हौ, झिंगे टाकले. अडतीस वर्षं.

दुर्गाला हे लग्नानंतर दहा वर्षांनी सांगितलं. सुनेला कृती द्यावी लागली म्हणून. शब्द घेतला की बाबांना कळू द्यायचं नाही.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं?

दुर्गा म्हणाली, "तुमी गंगेत उभं राहून सांगतलं तं पार हट्ट्यापर्यंत आयकू गेलं. तुमच्या पोटात गोष्ट ऱ्हाते का? तरी मोटारीतून सांगतच होती. कार्डात बी लिवलं."

म्हणजे तेव्हापासून मी घरात झिंगे खाल्लेच नव्हते. बाहेरही नाही, बाहेर जेवत नाही. मी गंगेत जे झिंगे सोडले ते सातव्या वर्षापासूनच सुटलेले होते. तेजरामचं कारलं.

दुपारी १.४५

पुन्हा उकिरड्यावर गेलो. खुरपं घेऊन. चुना फोडला. काही उपयोगाचं नाही. तुळसाबाई कुडाच्या पलीकडून बघत होत्या. म्हणाल्या, "आता काय पेरून राह्यला?"

दुर्गानं त्यांना सांगितलं. त्या आत गेल्या. एक चिंधी घेऊन आल्या. चिंधीत मूठभर पिवळट काप. दरवर्षी आई त्यांना देत असे. तेवढेच उरले होते.

त्यांनी चिंधी माझ्या हातात दिली नाही. दुर्गाच्या दिली.

नवे कोंब पावसाळ्याशिवाय नाहीत. एकदाच होईल.

२९ फेब्रुवारी, शनिवार

उद्या सकाळी हट्ट्याला जातो. दुर्गा पहाटे करणार. मी करतो म्हणणार होतो. म्हणालो नाही. चूल पेटवून देईन एवढं म्हणालो.

दुर्गानं एकच बजावलं. बाबांनी विचारलं तर वास्त्यांचं बोलायचं नाही. "आत्याबाईले शब्द देल्ला हाय मी."

मी म्हणालो, पण मग काय सांगू? झिंगे नाहीत म्हटलं तर आईचं उघडं पडतं. आहेत म्हटलं तर माझं व्रत?

दुर्गा म्हणाली, "ते तुमी पाहा."

पर्याय: बाबांनी विचारलंच नाही तर प्रश्न येत नाही. ते फार कमी बोलतात. हा पर्याय धरून चालतो.

१ मार्च, रविवार. संध्याकाळी ६.३०

आत्ता परतलो. एकटा.

पहाटे कढई चुलीवर चढली ते उतरली, चौतीस मिनिटं. मी घड्याळ धरून पाटावर बसलो होतो. दुर्गानं काप भाजले तेव्हा वास आला आणि मी सात, वीस, चाळीस, सगळ्या वयांचा झालो.  डबा फडक्यात बांधला. मोटारीत मांडीवर धरला.

बाबा तेजरामच्या छपरीत टेकून बसले होते. आईचं लुगडं उशाला होतं. डबा उघडला. त्यांनी आधी वास घेतला. डोळे मिटून. मग म्हणाले, "भात हाय का?"

अनुसया धावत भात घेऊन आली. बाबा जेवले. चार दातांनी, सावकाश. पुन्हा भात मागितला. तेजराम दाराला धरून उभा होता.  डबा पुसून झाल्यावर बाबांनी बोटं चाटली आणि माझ्याकडे पाहिलं.

"झिंगे टाकले का?"

तेजरामनं मान वर केली. गंगेत तो माझ्या शेजारीच उभा होता.

मी म्हणालो, "हौ."

तेजराम म्हणाला, "भाऊ!"

बाबांनी विचारलं, "भाजून, कुटून?"

"हौ. भाजून, कुटून."

बाबा रिकाम्या डब्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुयी माय बी असंच सांगे."

मी मान खाली घातली. बाबांनी डबा स्वतः धुतला. माझ्या हातात दिला. म्हणाले, पाऊस पडू दे. जंगलात कोंब फुटले का न्यायले ये. तोवर हातीपायी बरा राहीन.

तेजराम मोटारीपर्यंत पोहोचवायला आला नाही. मी चालत निघालो. मोटारस्टँडवर पोहोचेपर्यंत तिथं चहा पिणाऱ्यांना कळलं होतं की थोरल्या भावानं गंगेत उभं राहून सोडलेले झिंगे दोन महिन्यांत पुन्हा धरले. एकानं सरकून बाकावर जागा दिली. म्हणाला, "बसा. होतं असं."

मी बसलो. चहा घेतला. उद्या हे ऑफिसात पोहोचेल. परवा आळीत. नाही म्हणायची सोय नाही. कुणालाच नाही.

इथं लिहून ठेवतो. झिंगे खाल्ले नाहीत.